बाहेरगावचं तोंड

जत्रेत पाहुण्यानं "मी आत्ताच जेवलोय" असं कधी म्हणू नये. कुणी खरं मानत नाही. यजमानाला वाटतं पाहुणा लाजतोय, आणि तो पाट मांडायला सांगतो.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पिंपरीच्या कारखान्यात रात्रपाळी करून मी गेनूबरोबर भोसरीला आलो होतो. गेनू माझ्याच पाळीत काम करायचा आणि भोसरीचाच होता. "जत्रेला आला न्हाईस तर पुन्हा तोंड दाखवू नको," हे त्यानं आठवडाभर ऐकवलं होतं. त्याच्या घरी मटणाचा असा काही रस्सा निघाला की कानातून धूर यायचा बाकी राहिला. भाकऱ्या मोजायची सोय नव्हती, कारण ताट रिकामं झालेलं कुणी दिसूच देत नव्हतं. वर गुळाची शेव, त्यावर ताक. राज्यात दारूबंदी होती, म्हणून दारू फक्त गेनूच्या मामाला मिळाली.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं झोपावं. गेनूनं मला बैलगाडे बघायला घाटावर नेलं. चढाची सरळ वाट, वर ऊन, दोन्ही अंगांना फेटेवाल्यांची भिंत. भंडाऱ्यानं पिवळे झालेले बैल सुटले की भिंत ओरडायची, धुरळा आमच्या तोंडात जायचा, आणि कोण पहिला आला यावर पुढचा सगळा वेळ भांडण चालायचं. मी उभ्या उभ्या डुलक्या घेत होतो.

त्या गर्दीत एक म्हातारा बैलांकडे पाठ करून उभा होता. सारखा रस्त्याकडे बघत होता. गुडघे वाकलेले, फेटा मात्र कोरा करकरीत.

"त्या आबांना दिसत नाही का?" मी विचारलं.

"चांगलं दिसतंय. पाव्हणं हुडकतोय," गेनू हसला. "धर्माजीआबा. एके काळी त्याच्या बैलांनी हा घाट गाजवलाय. दारात गाड्यांची रांग लागायची जत्रंला. गुडघं गेलं, बैलांमागं पळवंना, पोरगा न्हाई. इकली जोडी. आता सारं पाव्हणं बैलवाल्यांच्या दारात उतरत्यात."

"मग?"

"मग काय! त्यांच्या घरची रीत हाय. जत्रंच्या दिवशी बाहेरगावच्या माणसाच्या तोंडात घास गेल्याबिगर चुलीपाशी कुणी जेवायचं न्हाई. मीठ-तिखट सुदिक चाखायचं न्हाई. सकाळपास्नं दोघं उपाशी हायेत. लेकीच्या सासरी सुतक, तिकडनं कुणी येणार न्हाई."

एवढ्यात आबा आमच्यापर्यंत आलेच.

"पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"करमाळ्याकडचा."

"लांबचं की!" जवळचा पाहुणा असता तर त्यांना कमी वाटला असता, असा सूर. "चला."

"आबा, मी आत्ताच जेवलोय. अगदी गळ्यापर्यंत."

"व्हय व्हय," म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं.

"ए आबा, माझा पाव्हणा हाय त्यो!" गेनू ओरडला.

"तुझा हाय, म्हणून तर घेऊन चाललोय. तुझ्या बापाला मीच पाव्हणं पुरवायचो. सोड आता."

गेनूनं मला डोळा मारला आणि सोडलं. दोस्त असावा तर असा.

आबांचं घर घाटापासून फार लांब नव्हतं, पण त्यांच्या गुडघ्यांनी ते लांब केलं. दर थोड्या पावलांवर ते थांबायचे, मला बैलांची वंशावळ सांगतोय असं दाखवायचे आणि दम घ्यायचे. मनगट मात्र सोडत नव्हते. दारात त्यांनी स्वतःची जुनी गाडी पुढं ओढून उभी केली होती. तिच्यात कोंबडीनं घरटं केलं होतं.

"आलं गं पाव्हणं! लई लांबचं!" त्यांनी आत हाक दिली.

त्यांची बायको ठकुबाई चुलीपुढून उठली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि हात धुवायला तांब्या दिला. सकाळपासून तापवून तापवून रस्सा आटला होता, आणि तीही.

मी पहिला घास घेतला. रश्शात मीठच नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. चाखायची बंदी, पोटात काही नाही, दिवसभर दाराकडे लक्ष. घालायचं राहून गेलं असणार.

"कसं झालंय?" आबा समोर बसले होते. माझा हात तोंडाकडे गेला की त्यांचंही तोंड किंचित उघडायचं.

मागितलं असतं तर ठकुबाईनं मीठ आणलंही असतं. पण आबा ज्या डोळ्यांनी माझा घास मोजत होते, त्या डोळ्यांपुढं मागवेना. "झकास," मी म्हणालो.

"मग वाढ की गं त्यांना!"

दुसरी पळी आली. पोट तर गेनूच्या घरीच भरलं होतं. मी भाकरीचे बारीक तुकडे करत, घोट घोट पाण्याबरोबर ताट संपवलं, आणि आणखी येऊ नये म्हणून घाईनं ताटातच हात धुतला.

आबांनी मोठा श्वास सोडला. "घे, आता तुझं नि माझं वाढ," ते बायकोला म्हणाले. "पाव्हण्यानं दोन डाव घेतलं बघ."

दोघं एकदमच जेवायला बसली. पहिल्या घासाला आबांचं तोंड थांबलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे. मी आढ्याकडे.

"अगं बया," ठकुबाई हळूच म्हणाली. "आन ह्ये पोर झकास म्हणालं!"

"लेका, बोलायचं की रं," आबा म्हणाले. "मीठ काय म्होरल्या गावात व्हतं?"

"तुम्ही उपाशी होता, आबा. मी मागितलं असतं तर आणखी वेळ गेला असता."

आबा उठायला गेले, गुडघा अडला, पुन्हा बसले. ठकुबाईनं हात लांब करून मडक्यातली चिमूट काढली, आधी त्यांच्या ताटात टाकली, मग स्वतःच्या. घाटाकडून मोठा गलका आला. कुठल्या तरी जोडीनं बाजी मारली होती. आबांनी मान वर केली नाही. भाकरी चुरत राहिले.