धरणाची ओटी

आमच्या बदलापूरच्या सोसायटीला धरण वर्षातून दोनदा आठवतं. मे महिन्यात नळ सुकले की शिव्या घालायला, आणि श्रावणात ते भरलं की मिरवायला. एरवी ही मंडळी पाइप लावून गाड्या धुतात. बारवी धरण भरल्याची बातमी आली रे आली, की ग्रुपवर ओव्हरफ्लोचे व्हिडिओ आणि खाली जोडलेले हात. जसं काही ह्यांनीच बादल्या ओतून भरलंय.

माझी आई त्याच धरणातली. म्हणजे तिचं माहेर तिथलं. वाडी, भाताची खाचरं, गावदेवी, सगळं आता पाण्याखाली आहे. अशा जमिनीला आमच्याकडे बुडीत म्हणतात. आई-बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिला विचारलं, आजी, माहेर कुठलं तुमचं. आई म्हणाली, "माजा माहेर बुडितान हाय." त्यावर त्या शहाण्यानं तिला धीर दिला, की बँकवाले हल्ली तडजोड करतात, काळजी करू नका. जन्मभर त्या धरणाचं पाणी प्यायचं आणि बुडीत म्हटलं की आठवतं काय, तर थकलेलं कर्ज! आईला काही कळलं नाही. मला कळलं आणि डोकं फिरलं.

आईचं मागणं एवढंसं होतं. माहेरवाशीण सासरी निघाली की तिची ओटी भरतात, तांदूळ, नारळ, खण पदरात घालतात. वाडी उठली, माणसं पांगली, मामा वारला, आणि आईची ओटी भरायला माहेरचं कुणी उरलंच नाही. म्हातारपणी तिनं तेच धरून ठेवलं होतं. एकदा माहेराहून भरल्या ओटीनं यायचं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं म्हणायची.

ह्या मे महिन्यात पाणी खूप उतरलं आणि गावदेवीचा चौथरा उघडा पडल्याचं कळलं. मी तिला रिक्षा करून घेऊन गेले. चौथरा समोर दिसत होता, पण मध्ये सगळा गाळ, आणि तिचे गुडघे हे असे. काठावरूनच हात जोडून आम्ही परत आलो. घरी येऊन ती जेवली नाही. त्याच संध्याकाळी खाली मीटिंगमध्ये नळाला पाणी नाही म्हणून लोक बोंबलत होते.

श्रावणात सोसायटीनं जलपूजनाची बस काढली. आई म्हणाली, जाऊ या. मी ह्या लोकांबरोबर एरवी कोपऱ्यापर्यंतही गेले नसते, पण तिच्यासाठी बसले बसमध्ये. बाबा घरीच राहिले.

काठावर उतरल्याबरोबर वडापाव, थर्माकोलच्या प्लेटा, स्पीकरवर गाणी. मग सेक्रेटरींनी भाषण ठोकलं. कोयनेची वीज, जायकवाडीवर पिकणारं मराठवाड्याचं शिवार, उजनीच्या पाण्यावरचा ऊस, शिवाय मासेमारी, पर्यटन, आणि आपलं बारवी म्हणजे उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरची तहान नि कारखान्यांचं पाणी. शाळेतलं पाठांतर म्हणावं तसं धडाधड. खोटं त्यात काहीच नव्हतं. उपयोग सगळे बरोबर सांगितले, फक्त ज्यांना बुडवून ते झाले ती माणसं राहून गेली. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

मग सेक्रेटरींची बायको ताट घेऊन पुढे आली. तांदूळ, हळकुंड, नारळ आणि धरणाला नेसवायला साडी. साडी उल्हासनगरच्या बाजारातली, बोटानं दाबली तर फाटेल अशी. एवढं पाणी पितात, पण साडी घेताना हात आखडला. बाई आईला म्हणाल्या, आजी, तुम्ही ह्या भागातल्या, मान तुमचा, धरणाची ओटी तुम्हीच भरा.

आईनं ताटाला हात लावला नाही. ती हळूहळू पाण्याशी गेली, वाकली, आणि पाण्यापुढे पदर पसरला. "जाते मी," ती म्हणाली. "माजी ओटी भर."

पाणी काय भरणार. सेक्रेटरी मोबाइल काढून शूटिंग करायला लागले. आजी पावसासाठी पदर पसरतात म्हणे! धरण भरून वाहतंय आणि हे म्हणे पाऊस मागतायत. मला रडूही येत होतं आणि एकेकाला पाण्यात ढकलावंसंही वाटत होतं. मी बाईंच्या हातून ताट ओढून घेतलं आणि तांदूळ, हळकुंड, नारळ, ती विरविरीत साडी, सगळं आईच्या पदरात घातलं. अहो, मग धरणाच्या ओटीचं काय, असं बाईंनी विचारलं.

"त्याची कधीच भरलीय," मी म्हटलं.

परतताना बसमध्ये सगळ्यांना प्रसादाला खोबरं हवं होतं. सेक्रेटरींनी नारळ फोडायला आईपुढे हात केला. तिनं पदराची गाठ घट्ट धरली आणि खिडकीकडे वळून बसली.

"देणार नाय," ती म्हणाली. "माजे माहेरचा हाय."