आईचा न दिलेला निरोप

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली. डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस होतो, पण जुन्नरपासून निरगुडसरपर्यंत जिथं जिथं बदली झाली तिथं लोक मला डॉक्टरच म्हणायचे आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आहे त्यापेक्षा थोडं मोठं दिसायची सवय मला आधीपासूनच होती.

आमचं घर आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालं. जुन्नरात आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, थोडी, पंचवीसएक घरांची. तिशी ओलांडली त्या वर्षी मला मंडळीचा वडील, म्हणजे कारभार बघणारा पंच, म्हणून निवडलं. इतक्या कमी वयात कुणी झालं नव्हतं. प्रभुभोजनाच्या दिवशी पांढरा सदरा घालून पाळकसाहेबांच्या शेजारी उभं राहायचं, द्राक्षरसाचा प्याला हातोहात पुढं द्यायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

त्याच वर्षी माझी धाकटी बहीण अंगणात येऊन म्हणाली, "दादा, मी लग्न ठरवलंय." मुलगा येडगावचा, घर बौद्ध, नारायणगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान. निर्व्यसनी, कष्टाळू. तीन पिढ्या मागं गेलं तर त्यांचे आणि आमचे पाहुणे एकच निघाले असते. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच बहुतेक जास्त झोंबलं.

आमचे वडील हयात नव्हते. त्यांच्या जागी मी बोललो. "गेलीस तर या घरात परत यायचं नाही."

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. बहीण गेली.

मी सगळ्यांना सांगायचो की प्रश्न विश्वासाचा आहे. आमचे तेव्हाचे पाळकसाहेब वयस्कर होते, सायकलवरून फिरायचे. ते एकदा मला गाठून म्हणाले, "मंडळीनं तिला टाकलेलं नाही. तू टाकलंयस. हे देवाच्या नावावर घालू नकोस." मी हसून विषय बदलला.

तीन वर्षं गेली. आईच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. एका सकाळी मी तिला पेज भरवत होतो तेव्हा ती म्हणाली, "पोरीला निरोप दे. मला बघायचंय तिला."

त्या दिवशीची माझी प्रार्थना अजून आठवते. रोजच्यासारखा गुडघे टेकून बसलो होतो. आवाज वगैरे काही आला नाही. पण घरातल्या कुणी हाक मारली तर कोण म्हणून विचारावं लागत नाही, तसं मला कळलं. जा आणि तिला घेऊन ये. इतकं स्पष्ट मला आयुष्यात क्वचितच काही कळलं असेल. आणि मी मनात म्हणालो, बघतो.

दुपारी दवाखान्यात एक शेतकरी मोटारसायकल पळवत आला. "डॉक्टर, म्हैस अडलीय, सकाळधरनं. चला लवकर." कुठं विचारलं तर येडगाव.

त्याच्या मागं बसून गेलो. पारडाची मान उलटी वळली होती. खांद्यापर्यंत हात घालून ती सरळ करायची, पुढच्या पायांना दोरी बांधायची आणि म्हशीला कळ येईल तसं ओढायचं. तासभर झटापट चालली. कुणीतरी सारखं गरम पाणी आणून देत होतं, साबण पुढं करत होतं. पारडू बाहेर पडलं, जिवंत होतं. लोक खूश झाले. मी हात धुवायला वळलो तेव्हा तांब्यानं पाणी घालणाऱ्याकडं नीट पाहिलं. बहिणीचा नवरा होता. चार घरं सोडून त्यांचं घर.

तो हळूच म्हणाला, "दादा, घरी चला ना. चहा तरी घ्या. ती हाय घरात."

यापेक्षा सोपं देव आणखी काय करणार होता? मला तिच्या दारापर्यंत आणलं होतं. फक्त चार घरं चालायचं होतं. आजूबाजूला दहाबारा माणसं उभी होती, मला डॉक्टर म्हणणारी. त्यांच्यासमोर मी त्याच्या घरात शिरलो तर माझ्या शब्दाची काय किंमत राहील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"घाई आहे," मी म्हणालो. "अजून एक केस आहे." दुसरी केस नव्हती.

घरी आलो. आई उशीला टेकून वाट बघत होती.

"सांगितलंस का तिला?"

मी तोंड पुसत होतो. टॉवेल तोंडावरून न काढताच म्हणालो, "सांगितलं. तिला जमत नाही म्हणाली."

आई एवढंच म्हणाली, "बरं."

दोन दिवसांनी तिनं विचारलं, "तिच्या घरी कुणी आजारी हाय का रं?" मी म्हणालो, माहीत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नवरा सोडत नसंल." लेकीसाठी ती एकेक कारण शोधत होती आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. अजूनही वेळ होता. येडगाव तासाच्या अंतरावर. अकरा दिवस आई जिवंत होती, आणि रोज सकाळी मी गुडघे टेकून तिच्यासाठी प्रार्थना केली.

मातीला बहीण आली. तिला कुणाकडून तरी कळलं होतं. ती नवऱ्याबरोबर कबरस्तानाच्या भिंतीपाशी उभी राहिली. मी कबरेजवळ वचन वाचलं, आवाज कापू न देता. लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. डोळे सुजले होते.

"दादा, मला कळवायचं तरी. भांडण आपलं होतं, आईचं नव्हतं."

"सगळं एकदम झालं गं," मी म्हणालो.

त्यानंतर मी शिक्षेची वाट बघत राहिलो. खरंच सांगतो, पुढची दोन-तीन वर्षं मोटारसायकल घसरली की वाटायचं, आली. माझ्या लहान मुलीला ताप चढला की वाटायचं, आता. पण तसं काही झालं नाही. ताप उतरला. मला बढती मिळाली. निरगुडसरला बदली झाली, लोक चांगले भेटले, रविवारी मात्र जुन्नरच्या मंडळीतच यायचो. मग मी ठरवून टाकलं की देवानं विषय सोडून दिला असावा.

काय झालं होतं ते कळायला मला फार वर्षं लागली. माझी प्रार्थना थांबली नाही, उलट वाढली. शब्द सुरेख जुळायचे. दुसऱ्या मंडळ्यांतून बोलावणी यायची, मंचर, घोडेगावकडून. मी उभा राहून बोलू लागलो की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पण माझा मी डोळे मिटून बसलो की पलीकडं कुणी नसायचं. आधी तो शांतपणा बोचायचा. मग बोचेनासा झाला. दर महिन्याला मी प्याला पुढं देत होतो, त्यातून स्वतः पीत होतो, आणि मनात दुपारच्या जेवणाचा विचार चालू असायचा. मी आज्ञा मोडली म्हणून देवानं मला मारलं नाही. मला जे हवं होतं ते देऊन टाकलं, मान आणि पांढरा सदरा, आणि तेवढंच माझ्यापाशी उरलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी एकदा क्षमेवर प्रवचन केलं. महिन्याभरानं उपासनेनंतर मंडळीतल्या एका बाईंनी मला आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर थांबवलं. समोर लेण्याद्रीचा डोंगर उन्हात तापलेला होता. त्या माझा हात धरून रडायला लागल्या.

"तुमी त्या दिवशी बोललात ना, घरी गेल्यावर मला जेवनच जाईना. सून सात वर्षं माहेरी व्हती, माझ्यामुळं. गेले मी. पाया पडले तिच्या. आली बघा ती, आत बसलीय. लई उपकार झालं तुमचं."

आत एक तरुण बाई चटईवर बसली होती. मी तिला दारातूनच पाहिलं. मी काय बोललो होतो ते मला आठवतही नव्हतं. त्या बाईंनी माझ्या तोंडून ऐकलं आणि उठून गेल्या. मी रोज तेच बोलत होतो आणि बसून होतो.

त्याच आठवड्यात येडगावला गेलो. बहीण ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. केस पांढरे झाले होते. तिचा नवरा आतून आला, मला पाहून थबकला, मग खुर्ची आणली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. आईनं बोलावलं होतं ते. म्हैस अडली होती तो दिवस. आईला काय सांगितलं ते.

तिचा नवरा खाली बघत म्हणाला, "तुमी त्या दिवशी आलता हे मी हिला सांगितलंच न्हाई. दारावरनं गेला म्हणून हिला लागंल, म्हणून."

बहिणीच्या मांडीवरचं सूप तसंच राहिलं. "किती दिवस होती आई त्यानंतर?"

"अकरा."

"म्हणजे मी येत नाही म्हणाले असं समजून ती गेली."

"हो."

ती उठून आत गेली. तिच्या नवऱ्यानं सूप उचलून कडेला ठेवलं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, तोंड धुऊन.

"माफ केलं म्हणू का? मग तुला बरं वाटेल. पण ते खोटं होईल, दादा. आत्ता तरी खोटं होईल." मग थोडं थांबून म्हणाली, "लग्न झाल्यावरही मी रोज प्रार्थना करायचे. यांनी कधी अडवलं नाही. आई गेल्यावर सोडली. डोळे मिटले की तुझाच आवाज यायचा, कबरेवर वाचत होतास तो."

आज्ञा मोडण्याचे परिणाम मी तोवर फक्त माझ्यापुरते मोजले होते. तिच्या आतलं काय विझवलं ते त्या ओट्यासमोर कळलं.

पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून सगळं सांगितलं आणि वडीलपण सोडलं. काही जण म्हणाले, इतक्या वर्षांचं कशाला उकरायचं. काही जणांनी बोलणं तोडलं. मी मागच्या चटईवर बसू लागलो. तिथं बसून प्याला कुणाला द्यायचा नसतो, फक्त घ्यायचा असतो.

बहीण देवळात आली नाही. वर्षभरानं तिचा फोन आला. आईची कबर कुठल्या बाजूला ते तिला नीट आठवत नव्हतं. ती आली. आम्ही दोघांनी गवत उपटलं, दगड बाजूला केले. मी प्रार्थना करू का विचारलं, तर म्हणाली, "कर, पण मनात."

मी मनात केली. एकही वाक्य धड जुळलं नाही. पण मी कुणाशी तरी बोलतोय असं वाटलं, फार दिवसांनी. मला भीती वाटली आणि रडू आलं.

"शेवटी शेवटी काय खायची आई?" तिनं विचारलं.

"पेज. एकदा भरीत मागितलं होतं."

"दिलंस?"

"दिलं."

तिनं मान हलवली, हातांची माती झटकली आणि एसटीची वेळ विचारली.