हंगेरीचं सोललेलं पाकीट

कर्जत-खालापूरच्या फार्महाउसांना मी खडी आणि रेती पुरवतो. सौदा करताना मला आजवर कोणी नमवलेलं नाही. असा माणूस हंगेरीची टपाल तिकिटं का जमवतो, हे घरच्यांना अजून कळलेलं नाही. सुरुवात केली तेव्हा ती सगळ्यांत स्वस्त मिळत, एवढंच कारण. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की महायुद्धानंतर तिथे पैशाची पार माती झाली होती. साध्या पत्राला आज लाखांचं तिकीट, तर थोड्या दिवसांनी अब्जांचं. पाकिटावर पत्त्याला जागा उरत नसे. भाव करण्यात जन्म गेलेल्या माणसाला याहून गोड वाचन कुठलं?

त्या दिवसांतलं, खरोखर टपालातून गेलेलं एक पाकीट मला हवं होतं. सुटी तिकिटं हवी तेवढी मिळतात. पाकिटावर बसलेली, तिकिटावरून खालच्या कागदावर उतरलेल्या शिक्क्यासकट, क्वचित.

ते निघालं कर्जतच्या एका रद्दीवाल्या मावशींच्या टोपलीत. नेरळकडच्या कुठल्याशा बंगल्याची साफसफाई झाली होती. पुढून-मागून तिकिटंच तिकिटं. मी हात पुढे केला, आणि नेमके तेव्हाच शेजारी येऊन उभे राहिले रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब. तेही हंगेरीच जमवतात, तेही माझं बघून. तिकीटवाल्यांच्या एका बैठकीत त्यांनी माझी ओळख ‘आमचे खडीवाले’ अशी करून दिली होती. ते मी विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

हवी ती वस्तू नको म्हणायची, हा धंद्याचा पहिला धडा. मी पाकीट चिमटीत धरून नाक मुरडलं.

“मावशी, ही सगळी चिकटलेली. सुटी असती तर घेतली असती.”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “कचरा आहे नुसता.”

दोघंही धडधडीत खोटं बोलत होतो. ते हलेनात, म्हणून मीही हललो नाही. शेवटी दोघं एकदमच निघालो, एकमेकांना रस्त्याला लावल्यासारखे.

मग खालापूरला माझा टेंपो बंद पडला आणि तो मार्गी लावेपर्यंत मला एकट्याला मावशींकडे परत जाता आलं नाही. गेलो तेव्हा मावशी हसतच होत्या.

“शेठ, तुमचं काम केलं बगा.”

त्यांनी सूप पुढे केलं. त्यात सगळी तिकिटं, सोलून, धुऊन, वाळवून मांडलेली.

“पातेल्यात भिजवली. एक पन फाटली नाय. सुटी पायजेल बोल्लात ना तुमी?”

ज्याच्यावर ओरडावं असा माणूस समोर सापडेना. शब्द माझाच होता.

“आणि पाकीट?”

“ते साहेब घेऊन गेले काल. तिकिटंच मागत हुते. मी बोल्ले, ती शेठची हायेत. मग बोल्ले, कागद तरी दे.”

तिकिटं मी घेतली. सवयीने भाव पाडून बघितला. सोलायची मेहनत सांगून मावशींनी तो उलट चढवला.

तेव्हापासून प्रत्येक शिक्क्याचा अर्धा गोल माझ्याकडे आणि अर्धा साहेबांकडे. ते फोन करतात, “तुमची तिकिटं तशी साधीच आहेत, देऊन टाका.” मी म्हणतो, “तुमच्याकडे ओला होऊन सुकलेला कागद आहे, शेंगदाणे बांधायच्या कामाचा. तो आधी आणा, मग बोलू.” पाकीट पूर्ण व्हावं असं दोघांनाही वाटतं, फक्त दुसऱ्याच्या घरी नाही.

परवा आम्ही मावशींच्या टोपलीपुढे पुन्हा शेजारी-शेजारी उभे होतो, एकमेकांकडे न बघता. मावशींना आमची दया आली असावी.

“येवढं काय त्यात? दोघं आपापलं घेऊन या,” त्या म्हणाल्या. “मी चिकटवून देते. डिंक हाय माझ्याकडं.”

“नको,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.