नवनीतची आई, कळसाडी

आमच्या प्रकाशा गावच्या धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरांचा शब्द एक वेळ मोडता येतो, रंजनाबाईंचा नाही. मी ट्रस्टची जीप चालवतो, म्हणून हे अनुभवाने सांगतो. रंजनाबाई जुने केसपेपर सांभाळतात. ट्रस्टच्या मंडळींनी ते रद्दीत घालायचं ठरवलं, तेव्हा या बाई खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि मंडळी चहा पिऊन मुकाट निघून गेली. तेव्हापासून कसर लागू नये म्हणून गठ्ठ्यांत कडुनिंबाचा पाला घालायचा, आणि तो आणायचा मी. माझी कुरकुर त्यांच्या कानावर जाते, आत शिरत नाही.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर रिना आली, धडगावकडच्या पाड्यावरची. लग्न ठरलेलं. तिच्या जन्माच्या वेळी तिची आई तापाने फणफणली होती आणि वॉर्डातल्या दुसऱ्याच बाईने रिनाला दूध पाजलं होतं. आई आता नाही. जाताना तिने लेकीला बजावलं होतं, की त्या दूधआईला साडी नेसवल्याशिवाय मांडवात उभी राहू नकोस. पोरीला त्या बाईचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

रंजनाबाई गठ्ठे उपसत, शिंकत, मला बोल लावत बसल्या. शेवटी रिनाच्या आईचा केसपेपर निघाला. त्यावर सिस्टरने लिहिलं होतं, 'आईला ताप. बाळाला दूध: नवनीतची आई, कळसाडी.'

"हे काय नाव झालं?" मी वैतागलो.

रंजनाबाई हसल्या. त्या वेळच्या सिस्टर बायांना बाळाच्या नावानेच हाक मारायच्या. बारसं व्हायचं असलं, तरी काय ठेवणार ते विचारून घ्यायच्या. "झेरॉक्स काढ, नि गाडी काढ," त्या म्हणाल्या.

कळसाडी गाव आम्ही पालथं घातलं. जो तो म्हणे, "आठे नवनीत नावनं कोनी नही शे." रिना रडकुंडीला आली. मी गाडी वळवणार, तोच रंजनाबाई चौकात उतरल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "नवनीतनी माय कोठे ऱ्हास?"

ओट्यावर कापूस निवडणारी एक बाई उठून उभी राहिली.

"मी शे," ती म्हणाली.

"हाई तं छबूबाई शे," शेजारीण म्हणाली. "हिले पोरगा कोठे शे?"

"व्हता," छबूबाई म्हणाली. "बारसं व्हवाना पहिलेच गया. नाव फक्त दवाखानामा सांगेल व्हतं." रंजनाबाईंनी झेरॉक्सचा कागद दाखवत रिना कोण ते सांगितलं, तेव्हा ती रिनाकडे वळून म्हणाली, "तो गया, पन दूध आटनं नही. तू कुशीमा उनी, म्हनीसन मी जित्ती शे."

रिनाने पाया पडून साडी पुढे केली. छबूबाईने तिला उराशी धरलं. साडी मात्र ओट्यावर ठेवून दिली.

"पहिले तो कागद वाच," ती रंजनाबाईंना म्हणाली.

रंजनाबाईंनी चष्मा लावून वाचलं. त्या पाल्यापायी इतकी वर्षं मी त्यांना मनात शिव्या घातल्या, त्या क्षणी मात्र हात जोडावेसे वाटले.

छबूबाईने डोळ्याला पदर लावला.

"मन्हा पोरगानं नाव आज पहिल्यांदा गावनी ऐकं," ती म्हणाली. "आखो एकदा वाच वं माय. जरा मोठ्यानं वाच."