क्रीट, आई आणि किचनवालं घर

गेल्या रविवारी आमची क्रीटची ट्रिप कॅन्सल होता होता वाचली. वाचवली ती एका पालेभाजीने... म्हणजे आधी मला तसंच वाटलं.

मी फिरायला जाते ती खायला. हे मी उघड सांगते, त्यात लाजायचं काय? म्युझियम नवऱ्याने, निखिलने, बघावीत, मी बाजारात सापडेन. क्रीट हे ग्रीसचं बेट, आणि तिथलं गावाकडचं जेवण म्हणजे बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवलेला श्रावणघेवडा, चीज भरलेली पोळी आणि वरून मध... ऑफिसातली मारिया मूळची तिथली. तिच्या डब्यातलं खाऊन खाऊनच मी हे बेट निवडलं.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सध्या सांगलीहून अमेरिकेत आमच्याकडे नोव्हायला आल्या आहेत. पक्क्या शाकाहारी, पण ट्रिपला आनंदाने हो म्हणाल्या होत्या. व्हिसाच्या अपॉइंटमेंटला तर ठेवणीतली साडी नेसून आल्या.

मग मी समुद्राजवळ एक घर बुक केलं... खास आईंसाठी, फुल किचनवालं. गॅस, फ्रिज, भांडी, सगळ्याचे फोटो दाखवले आणि म्हटलं, आता तुमच्या वरणभाताची काळजी मिटली. छान आहे, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाल्या, तुम्ही दोघं जाऊन या, मी इथेच बरी.

कारण विचारलं तर गुडघे. मग तिथली हवा. मग विमानाचा कंटाळा. आईला एकटं ठेवून कसं जायचं, सगळंच कॅन्सल करू यार, असं निखिलचं सुरू झालं.

मी अशी सहज हार मानणारी नाही. माझं निदान तयार होतं... आईंना जेवणाचीच धास्ती आहे, एकदा चव घेतली की स्वतः बॅग भरतील. मारियाची आई नेमकी क्रीटहून आली होती. मारियाने रविवारी आम्हा तिघांना जेवायलाच बोलावलं.

तिथे पोचल्यावर आई सवयीने थेट स्वयंपाकघरात गेल्या, पदर खोचून. मारियाच्या आईने त्यांना खांद्यांना धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं आणि पुढ्यात भरलेलं ताट ठेवलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला ग्रीक. आई पुन्हा उठल्या, पुन्हा बसवल्या गेल्या... मग मात्र जेवायला लागल्या.

ताटात एक उकडलेली पालेभाजी होती, नुसतं ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू घातलेली. आई म्हणाल्या, अगं, हा तर तांदुळजा. आणि खरंच तांदुळजाच होता, मारियाच्या बॅकयार्डातला. त्यांनी तो मागून घेतला. घरी सगळ्यांचं झाल्याशिवाय पानावर न बसणाऱ्या आमच्या आई तिथे सगळ्यांच्या आधी जेवत होत्या, अगदी सावकाश. मी निखिलला कोपराने ढोसलं... काम फत्ते.

परतताना गाडीत मी ऐटीत विचारलं, मग आई, जायचं ना? तिथे असाच तांदुळजा मिळेल, तुम्ही आपल्या किचनमध्ये त्याला लसणाची फोडणी द्या...

आई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघतच म्हणाल्या.

"मेधा, काशीला गेलो तेव्हा मी स्टोव्ह नेला होता. उटीलाही नेला. सगळे फिरून यायचे तोवर माझा पिठलंभात तयार असायचा. उटीचं तळं मी पाहिलेलंच नाही गं."

निखिलला त्या तळ्यातलं बोटिंग अजून आठवतं. ज्या किचनवर मी इतकी खूश होते, त्याच किचनने आईंची ट्रिप घालवली होती.

"ते घर नको," आई म्हणाल्या. "नुसती खोली घे. मी येते."

घर कॅन्सल केलं. मारियाच्या मावशीच्या गावात, एका खानावळीच्या वर, दोन खोल्या मिळाल्या आहेत. मारियाच्या आईचे आभार मी कोणत्या भाषेत मानू, कळत नाही... आईंना असं धरून खुर्चीत बसवायचं आमच्यापैकी कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

लोक क्रीटला समुद्र बघायला जातात. एकाहत्तराव्या वर्षी आमच्या आई तिथे आयतं जेवायला चालल्या आहेत.