धुऱ्याचा कोन

माझ्या काकानं भर पारावर माझ्या वडिलांना, आप्पांना, धुराचोर म्हटलं, तेव्हा मी शहरात चिकलठाण्याच्या एका कंपनीत कोड लिहीत बसले होते. संध्याकाळी आईचा फोन आला. एरवी ती आधी जेवलीस का विचारते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, की आप्पा कुऱ्हाड घेऊन निघाले होते, चार माणसांनी धरून बसवलंय, तू ये.

आमचं गाव फर्दापूरच्या रस्त्याला. पोलीस ॲक्शननंतर आजोबांच्या नावावर झालेली जमीन त्यांनी जिवंतपणीच दोन पोरांत वाटून दिली होती. रस्त्याच्या कडेला हद्दीचा एक दगड. त्या दगडापासून रस्ता ईशान्येला जातो आणि धुरा, म्हणजे दोन रानांमधला बांध, वायव्येला. दोन्हींच्या मधलं रान आमचं, धुऱ्यापलीकडचं काकाचं. वाटणीच्या नकाशात दगडापाशी काटकोन होता. नुसती कपाशी पिकत होती तोवर त्या कोनाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. पुढं रस्ता रुंद झाला, अजिंठ्याच्या लेण्यांकडं जाणाऱ्या गाड्या वाढल्या, काकाच्या मनात ढाबा टाकायचं आलं आणि धुरा त्याला वाकडा दिसायला लागला.

तो वाकडा आहे हे सिद्ध केलं माझ्या चुलतभावानं. आम्ही शहरातल्या एकाच कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, तो एक वर्ष पुढं. गावाकडं जायला मी एसटीची वाट बघत उभी असले, की तो मोटारसायकलवरून समोरून जायचा आणि माझ्याकडं बघून मान फिरवायचा. लहानपणी मी त्याला दादा म्हणत होते. नंतर काहीच म्हणत नव्हते.

त्यानं मोबाइल घेऊन दगडावर, रस्त्याकडच्या टोकावर आणि धुऱ्याच्या टोकावर उभं राहून अक्षांश-रेखांश टिपले होते. ते पायथनच्या प्रोग्रॅममध्ये घालून कोन काढला. उत्तर आलं चौऱ्याण्णवच्या जवळपास. नव्वदचा कोन चौऱ्याण्णव झाला, म्हणजे धुरा काकाच्या रानात सरकला, म्हणजे डझनभर गुंठे आम्ही दाबले. काकानं पारावर सांगितलं, की हे मी नाय, कंप्युटर म्हणतोय. माणसाचं बोलणं खोटं पडू शकतं. कंप्युटरचं गावानं लगेच खरं मानलं.

मी घरी पोचले तर आप्पा भिंतीकडं तोंड करून बसले होते. माझी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "त्याच्या पोरानं बापाशी इमान राखलं. तुला आम्ही कशाला शिकवलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल घेऊन रानात गेले. काकू धुऱ्यापलीकडं तण निंदत होती. मला बघून ती उभी राहिली आणि मोठ्यानं, पण माझ्याकडं न बघता, लग्नाचं वय होऊनही नांदायला न गेलेल्या पोरींबद्दल बोलत राहिली. मी ऐकत होते आणि आकडे टिपत होते. मोबाइलची जागा चार पावलं इकडंतिकडं होते, म्हणून प्रत्येक ठिकाणी पुन्हापुन्हा आकडे घेतले आणि त्यांची सरासरी काढली. ऊन डोक्यावर आलं तरी काकूचं तोंड चालूच होतं.

घरी येऊन प्रोग्रॅम लिहिला. दोन बिंदूंमधलं पूर्व-पश्चिम अंतर, उत्तर-दक्षिण अंतर, त्यांवरून रेषेचा कोन. शाळेत शिकलेलं साधं टॅन इथं पुरत नाही, कारण उलटं करून कोन काढला तर त्याला वायव्य आणि आग्नेय सारखीच. दोन्ही अंतरं चिन्हांसकट वेगवेगळी घेणारं फंक्शन वापरावं लागतं, मग रेषेचं तोंड कुठं आहे ते त्याला कळतं. मी रस्त्याचा कोन धुऱ्याच्या कोनातून वजा केला. पडद्यावर आलं १.५६.

पाठीमागं उभा असलेला माझा धाकटा भाऊ हसला. आप्पांनी विचारलं, "दीड काय? दीड अंशाचा कोन झाला का आपला?" मी सांगितलं, की मशीन रेडियनमध्ये बोलतं, अंशात आणायचं राहिलंय. एक ओळ टाकली. नव्वदला थोडा कमी कोन आला. धुरा होता तिथंच होता.

आप्पा तिथूनच पाराकडं निघाले. मी दार अडवलं. म्हटलं, त्याचा कंप्युटर चौऱ्याण्णव म्हणतोय, माझा नव्वद म्हणतोय, लोक काय म्हणतील? आधी त्याचं कुठं चुकलं ते सापडू द्या.

ते सापडायला फार वेळ लागला नाही. पृथ्वीवरच्या रेखांशाच्या रेषा मोसंबीच्या फोडींसारख्या असतात, मध्यावर रुंद आणि टोकाकडं चिंचोळ्या. विषुववृत्तापासून जसं वर जावं तसं एका रेखांशाचं अंतर आक्रसत जातं. किती आक्रसतं हे अक्षांशाचा कॉस सांगतो. आमच्याकडं शंभराचे जेमतेम चौऱ्याण्णव उरतात. मी माझ्या प्रोग्रॅममधून कॉसचा तेवढा गुणाकार काढून बघितला आणि चुलतभावाचंच उत्तर आलं. तो पूर्व-पश्चिम जास्त मोजत होता, म्हणून कोन फाकत होता.

सोमवारी शहरात परतल्यावर मी चुलतभावाला फोन केला. आधी त्यानं उचलला नाही. मग क्रांती चौकाजवळच्या एका चहाच्या हॉटेलात यायला तयार झाला, एवढ्याच अटीवर, की घरी कळता कामा नये. तो आला, बसला, चहा नको म्हणाला. मी लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला आणि त्याचे आकडे त्याच्याच हातानं घालायला लावले. आधी गुणाकाराशिवाय. मग गुणाकार करून.

तो हुशार होता. मला एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. कॉसची ओळ बघितल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला, हे मी बघितलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं त्यानं फिरवलेली मान मला आठवत होती.

"कळलं मला," तो म्हणाला. "बस कर."

"मग घरी सांग."

"नाय सांगणार."

"चूक आहे हे कळूनही?"

लॅपटॉप बंद करून त्यानं माझ्याकडं सरकवला. "तुला बाप हाय तसा मलाबी हाय. पाराव गेला तो माझ्या भरवशावर गेला. आता त्याला कसं म्हणू, की माझी एक ओळ राहिली? तुमच्याच्यानं होतंय ते करा." तो उठून गेला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आप्पांनी सरकारी मोजणी मागवली. मोजणीवाले आले, दगडावर यंत्र लावलं, टोकाला पट्टीवाला उभा केला. निम्मं गाव रस्त्यावर जमलं होतं. चुलतभाऊ गर्दीच्या मागं उभा होता. कोन नकाशात होता तसाच निघाला. काकानं सही करायला नकार दिला, धोतराचा सोगा झटकला आणि कुणाकडं न बघता निघून गेला. दुसऱ्या दिवशी सामायिक विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या पडलेल्या होत्या. आम्ही त्या काढायच्या, त्यांनी पुन्हा टाकायच्या, असं बरेच दिवस चाललं. शेवटी आप्पांनी आपल्या रानात बोअर घेतली आणि वाट कायमची बंद झाली.

गावात मात्र माझं नाव झालं. पोरीनं कोन काढला, असं आप्पा भेटेल त्याला सांगत. मला बोलावून घेऊन पाहुण्यांपुढं ते सगळं पुन्हा सांगायला लावत.

त्यानंतरच्या दिवाळीत फराळ झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. जमीन भावाच्या नावावर करायची म्हणाले. जमीन वडिलोपार्जित, म्हणून वकिलाच्या म्हणण्याप्रमाणं माझं हक्कसोडपत्र लागणार होतं. सोमवारी तालुक्याला जायचं, तू रजा वाढव.

मी विचारलं, माझा हक्क का सोडायचा. ते गोंधळले. हा प्रश्न त्यांच्या ध्यानीमनी नव्हता. भाऊ म्हणाला, सगळ्याच बहिणी सोडतात.

"सगळ्या बहिणींनी धुरा मोजला नव्हता," मी म्हणाले.

"म्हंजे मोजायची मजुरी मागतीस काय तू?" आप्पांनी विचारलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. काकाशी बोलताना त्यांचा आवाज जसा कोरडा लागायचा, तसाच लागला होता.

मी सांगितलं, की मजुरी नको, हिस्सा आहे तो राहू द्या. मी विकणार नाही, कसणारही नाही, पण सही करणार नाही. आई मधे पडली नाही. ती ताटं उचलत राहिली. सोमवारी मी तालुक्याला न जाता शहराची एसटी धरली.

याला आता बरीच वर्षं झाली. काकाचा ढाबा त्याच्या हद्दीत उभा आहे आणि बरा चालतो. सातबारावर अजून आप्पांचंच नाव आहे, कारण माझ्या सहीवाचून ते काम पुढं सरकत नाही. भाऊ मला फोन करत नाही. मी सणाला जाते, आईसाठी. मी पानावर बसले, की आप्पा आपलं ताट उचलतात आणि ओसरीवर जाऊन जेवतात. मीही सावकाश जेवते, पोटभर. उठायची घाई करत नाही.