साकोलीतला समुद्र आणि आमचा नवरदेव मासा

आमच्या टाकीतल्या माशांना कधी पिल्लं झाली नाहीत, पण किस्से मात्र इतके झाले की पाहुणे आले तर काय बोलावं हा प्रश्न आम्हाला पडत नाही. एकजण सुरू करतो, दुसरा त्याला मध्येच तोडतो, आणि चहा थंड होतो.

आमचं घर साकोलीत, हायवेपासून दोन गल्ल्या आत. मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. नवऱ्याचं, विलासचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला समुद्री माशांचा नाद लागला आणि बैठकीत चार फुटांची काचेची टाकी आली. त्यात प्रवाळ, पांढरी वाळू, निळे लाइट आणि रॅस नावाचे रंगीत मासे. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मूळच्या आसगावच्या आणि पक्क्या शाकाहारी. शेजारचे डोमाजी काका रोज संध्याकाळी येऊन बसतात. त्यांचं सगळं आयुष्य तलावातली मासोळी धरण्यात गेलं, त्यामुळे माशांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा.

पहिल्या दिवशी विलास बादलीत समुद्री मीठ कालवत होता. आई बराच वेळ बघत राहिल्या.

"मासे अजून आले नाई," त्या म्हणाल्या, "अन् तू रस्सा कायले करून राहिला?"

* * *

पहिला आला तो ठिपक्याठिपक्यांचा लेपर्ड रॅस. नागपूरहून पिशवीत बसून आला, टाकीत सोडला आणि दहा मिनिटांत गायब. आम्ही दगडांमागे बघितलं, टाकीमागे बघितलं, सोफा सरकवला. आईंनी समोरच्यांच्या मांजरीवर सरळ आरोप ठेवला आणि दोन दिवस समोरच्या घराशी बोलणं बंद केलं.

विलासचा चेहरा उतरला होता. तिसऱ्या दिवशी तो वाळू उकरायला निघाला, तर काकांनी त्याचा हात धरला.

"उकरू नोको. आमच्या तलावातली मरळ पानी आटलं का चिखलात घुसून बसते. नवं घर आहे, लाजून राहिला असंन तो."

चौथ्या दिवशी सकाळी वाळूतून आधी एक डोळा निघाला, मग तोंड, मग सगळा मासा. अंग झटकून तो खायला लागला.

आई वाटीभर शिरा घेऊन समोरच्या घरी गेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "मांजरीसाठी नेऊन राहिली."

* * *

दुसरा आला सिक्सलाइन रॅस. बोटाएवढा जीव, जांभळ्या अंगावर सहा नारिंगी रेघा. पण टाकीत नवा मासा आला की हा त्याला कोपऱ्यात दाबायचा. आपल्या तिप्पट मोठ्या माशालाही सोडायचा नाही. आईंनी त्याचं नाव ठेवलं मुकादम.

विलासने कुठेतरी वाचलं की काचेला बाहेरून आरसा लावावा, म्हणजे तो स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्या माशाला उसंत मिळते. त्याने दाढीचा आरसा लावला. मुकादम दिवसभर आरशावर धावून गेला. नव्या माशाने त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी विलास दाढी करायला आरसा काढू लागला, तर आईंनी अडवलं.

"राहू दे. तू एक दिवस बिना दाढीचा गेला तर दुकान बंद नाई पडत. तो बिना भांडनाचा नाई राहू शकत."

विलासने त्या महिन्यात दाढी वाढवली.

* * *

मग आला खरा हिरो. फेअरी रॅसचा नर, आणि सोबत तीन साध्या गुलाबी माद्या. नराचं अंग केशरी, पाठीवर जांभळी झाक, शेपटीला निळी किनार. आईंनी बघताक्षणी त्याला नवरदेव म्हटलं. आसगावला पुतणीचं लग्न होतं, तर लुगडंही त्याच रंगाचं हवं म्हणाल्या. मोबाइलवर फोटो काढून आम्ही बाजारात गेलो. चौथ्या दुकानात अगदी तोच रंग मिळाला.

घरी येऊन आईंनी ते टाकीसमोर धरलं. नवरदेवाला वाटलं असावं, समोर दुसरा नर उभा आहे. त्याने सगळे पर फुलवले आणि अंगभर असा चमकता निळा रंग आणला की केशरी कुठे दिसेनाच.

आई खट्टू झाल्या. "हा तं रंगच बदलवून बसला. लुगडं वापस करा."

"वहिनी, लुगडं ठेवा," काका म्हणाले. "त्याचा राग उतरला का मॅचिंग होऊन जाईन."

* * *

एका उन्हाळ्यात भरदुपारी वादळ आलं. झाड तारेवर पडलं, लाइट गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली. विलास नागपूरला. पंप बंद पडला की पाण्यातली हवा संपते. तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. नवरदेव पांढराफटक पडला. मी शेजारून काकांना बोलावलं.

काकांनी टाकीचं झाकण काढलं, गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, टाकीत बुडवून भरून घेतला आणि हातभर उंचावरून पाणी परत टाकीत सोडलं. "पानी फेसाळलं पायजे," म्हणाले. गंज भरायचा, ओतायचा. काका थकले की मी, मी थकले की काका. तीन तास.

मध्येच एकदा नवरदेवाने उडी मारली आणि तो फरशीवर पडला. माझ्या हातात भरलेला गंज. आई सर्वांत जवळ. जन्मात कधी माशाला बोट न लावलेल्या त्या बाईने ओल्या पदरात त्याला अलगद घेतलं आणि टाकीत सोडलं.

लाइट आल्यावर काका हसत म्हणाले, "वहिनी, आज मासोळी धरली तुमी."

"धरली नाई," आई म्हणाल्या. "उचलली."

* * *

पुढे दोन वर्षांनी नवरदेव म्हातारा होऊन गेला. तिन्ही माद्या काही दिवस दगडाआड राहिल्या. मग त्यांतली मोठी पुढे यायला लागली. आठवड्या-आठवड्याने तिच्या गुलाबी अंगावर केशरी चढलं, पाठ जांभळी झाली, शेपटीला निळी किनार आली. ती बाकीच्या दोघींपुढे पर फुलवून फिरू लागली.

मी संध्याकाळी आईंना आणि काकांना समजावून सांगितलं, की या माशांमध्ये नर गेला तर मोठी मादी स्वतःच नर होते.

इथे एक सांगायला हवं. माझे सासरे गेले तेव्हा विलास चौथीत होता. आसगावची धानाची बांधी आईंनी एकटीने कसली. नांगर धरला, चिखलणी केली, पाण्याच्या पाळीसाठी गड्यांशी भांडल्या. हे मला विलासने सांगितलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

आई खुर्ची ओढून टाकीजवळ बसल्या. विलास मागे चहाचा कप घेऊन उभा होता.

काकांनी डोकं खाजवलं. "मंग बाकीच्या दोघी तिले आता काय म्हनत असतीन? माय का बाप?"

आईंनी काचेवरची नजर काढली नाही.

"मायच म्हनत असतीन," त्या म्हणाल्या. "काम तेवढं वाढलं."